पारशी परलोक वाचायचा कसा : हादोख्त नस्कापासून बुंदहिश्नपर्यंत

पारशी धर्मग्रंथांतला परलोक वाचायला घेणारे बहुतेक जण अर्दा विराफच्या पुस्तकापासून, म्हणजे विराफ नावाच्या माणसाने परलोक पाहून आल्याच्या कथेपासून, सुरुवात करतात. नाव कानावर आलेलं असतं, इटालियन कवी दान्तेशी केलेली तुलना कुठेतरी वाचलेली असते. पुस्तक उघडलं की थोड्याच पानांत स्वर्ग संपतो आणि पुढे नुसता नरक लागतो : साप, दुर्गंधी, शिक्षेमागून शिक्षा. वाचक दमतो आणि जरथुश्त्री धर्मात मेल्यावर काय होतं याची एक भयाण, अर्धीमुर्धी समजूत घेऊन पुस्तक मिटतो. ज्या परंपरेत नरकालाही शेवट आहे, सगळी माणसं शुद्ध होऊन पुन्हा एकमेकांना भेटतात असं स्पष्ट लिहून ठेवलं आहे, तिची ओळख नरकापाशीच संपावी हे मला पटत नाही.

म्हणून हा क्रम. अवेस्ती किंवा पहलवी या जुन्या इराणी भाषा येत नसलेल्या, पण इंग्रजी अनुवाद वाचू शकणाऱ्या मराठी वाचकासाठी तो लावला आहे. थोडंफार संस्कृत येत असेल तर उत्तमच. सगळं मिळून वाचन फार नाही. रोज थोडं वाचलं तरी दोनतीन आठवड्यांत होईल. क्रम मात्र मोडू नका.

आधी एवढं माहीत असू द्या

हे साहित्य दोन थरांत आहे. जुना थर अवेस्ता. त्यात सगळ्यात प्राचीन म्हणजे जरथुश्त्राच्या गाथा. त्या यस्न या ७२ प्रकरणांच्या पूजासंहितेत मध्येच गुंफलेल्या आहेत. त्याशिवाय देवतांची स्तोत्रं म्हणजे यश्त, आणि शुद्धाशुद्धतेचे नियम सांगणारी २२ फर्गर्दांची, म्हणजे प्रकरणांची, वेंदिदाद. जुन्या अवेस्तेचे २१ नस्क, म्हणजे २१ भाग होते असं परंपरा सांगते. त्यातलं पुष्कळसं गेलं, काही तुकडे उरले.

दुसरा थर पहलवी ग्रंथांचा. इराणवर अरबांची सत्ता आल्यानंतर, मुख्यतः नवव्या-दहाव्या शतकात, मोबेदांनी, म्हणजे पुरोहितांनी, हाताशी उरलेलं ज्ञान लिहून काढलं. बुंदहिश्न, देन्कर्द, दादेस्तान-इ-देनीग या ग्रंथांना आजचं रूप आलं ते या काळात. इथे नवखा वाचक हमखास अडखळतो. ग्रंथ उशिराचा म्हणून त्यातला विचारही उशिराचा, असं मानू नका. पहलवी ग्रंथांतला कितीतरी मजकूर हरवलेल्या अवेस्तेच्या आधाराने आलेला आहे. उलट, सगळंच जरथुश्त्राच्या तोंडचं आहे असंही समजू नका. दोन्ही थर वेगळे ठेवून वाचायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

नावांचा गोंधळ होणार आहे, त्याची तयारी ठेवा. पहलवी लिपीत एकाच खुणेचे अनेक उच्चार होतात, त्यामुळे विराफ आणि विराझ हा एकच माणूस. चिन्वत, चिन्वद, चिनवद हा आत्म्याने परलोकात जाताना ओलांडायचा एकच पूल. स्रोश, सरोश, श्रओष ही एकच देवता. वहीच्या शेवटच्या पानावर अशा जोड्या लिहीत गेलात तर नंतर शोधताना त्रास होत नाही. प्रकरणांचे आकडेही आवृत्तीगणिक बदलतात. बुंदहिश्नातलं पुनरुत्थानाचं प्रकरण एडवर्ड वेस्टच्या इंग्रजी अनुवादात ३० वं आहे, तर बेहरामगोर तेहमुरास अंकलेसारियांच्या १९५६ च्या मुंबई आवृत्तीत ३४ वं. आकडा टिपताना अनुवादकाचं नावही टिपा.

आणि एक गोष्ट मराठी वाचकाने विशेष लक्षात ठेवायची : या ग्रंथांत ‘देव’ म्हणजे दुष्ट शक्ती.

पुस्तक कोणतं घ्यायचं

सुरुवातीला एकच पुस्तक पुरतं, आणि त्याचा पुण्याशी जवळचा संबंध आहे. मार्टिन हाउग हा जर्मन संस्कृतज्ञ १८५९ मध्ये पुण्याच्या कॉलेजात, म्हणजे पुढच्या डेक्कन कॉलेजात, शिकवायला आला आणि १८६६ पर्यंत राहिला. इथेच त्याची दस्तूर होशंगजी जामास्पजी यांच्याशी गाठ पडली. होशंगजी पुण्याच्या पारशी समाजाचे दस्तूर, म्हणजे मुख्य पुरोहित, आणि पहलवीचे जाणकार. अर्दा विराफची पहलवी संहिता त्यांनी तयार केली, हाउगने ती आणखी हस्तलिखितांशी ताडून इंग्रजी अनुवाद केला, आणि एडवर्ड विल्यम वेस्टने त्याला मदत केली. वेस्ट हा पेशाने इंजिनिअर, मुंबई इलाख्यात रेल्वेच्या कामावर असलेला. पहलवीचा एवढा मोठा अभ्यासक विद्यापीठातून नव्हे तर रेल्वेच्या कामातून घडला, याचं मला फार अप्रूप वाटतं. हे पुस्तक १८७२ मध्ये मुंबई आणि लंडनहून निघालं.

त्याची सोय अशी की परिशिष्टात हादोख्त नस्कही आहे. म्हणजे पहिल्या आणि मुख्य पायरीचं वाचन एकाच जिल्दीत मिळतं. स्वामित्वहक्क कधीच संपलेत, इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन केलेली प्रत फुकट उतरवून घेता येते. बाकीच्यासाठी ‘सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट’ या मालेतले खंड बघा : वेंदिदाद चौथ्या खंडात, हादोख्त नस्क २३ व्या खंडात ‘यश्त २२’ या नावाखाली, बुंदहिश्न पाचव्यात, मेनोग-इ-ख्रद २४ व्यात. अवेस्ता डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर हे बहुतेक अनुवाद वाचायला मिळतात, आणि एखादं नाव अडलं तर एन्सायक्लोपीडिया इरानिकाचे लेख ऑनलाइन विनामूल्य आहेत.

एकोणिसाव्या शतकातल्या या अनुवादांत कंसांतले शब्द भरपूर दिसतील. अर्थ लागावा म्हणून अनुवादकाने ते पदरचे घातलेले असतात. एखाद्या वाक्यावर तुमचा सगळा निष्कर्ष उभा असेल, तर कंस काढून ते वाक्य पुन्हा वाचा.

पहिली पायरी : हादोख्त नस्क

जेमतेम काही पानांचा मजकूर आहे. एका बैठकीत वाचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचा.

जरथुश्त्र अहुर मज्दाला, म्हणजे परमेश्वराला, विचारतो, सदाचारी माणूस मेला की त्या रात्री त्याचा आत्मा कुठे असतो? उत्तर येतं, उशाशी. डोक्याजवळ बसून तो उश्तवइती गाथा म्हणत असतो. त्या एका रात्रीत त्याला इतकं सुख मिळतं, जितकं अख्ख्या जिवंत जगाला मिळून असेल. असंच दुसऱ्या रात्री, असंच तिसऱ्या. तिसरी रात्र संपून उजाडू लागतं तेव्हा दक्षिणेकडून वारा येतो, आजवर कधीच अनुभवला नव्हता असा सुगंधी. आणि त्या वाऱ्यासोबत एक तरुणी येते, पंधरा वर्षांची, तेजस्वी, उंच.

आत्मा विचारतो, तू कोण? इतकं सुंदर मी काही पाहिलं नाही.

ती सांगते, मी तुझीच दएना. तुझे चांगले विचार, तुझी चांगली वाणी, तुझी चांगली कृत्यं, म्हणजेच मी. मी सुंदर होते, तू मला अधिक सुंदर केलंस.

इथे थांबा. पुढचे सगळे ग्रंथ, सगळ्या शिक्षा आणि सगळे स्वर्ग या एका भेटीभोवती फिरतात. मेल्यावर माणसाची पहिली गाठ पडते ती त्याने आयुष्यभर स्वतःला जसं घडवलं त्याच्याशी. न्यायनिवाडा पुढे होतोच, पण त्याच्या आधी ही भेट आहे. ‘दएना’चा अनुवाद कोणी सदसद्विवेक करतात, कोणी धर्म, कोणी अंतर्दृष्टी. तुम्ही मूळ शब्दच वापरा, कारण तिन्ही छटा लागणार आहेत.

मग आत्मा पहिलं पाऊल टाकतो सुविचारात, दुसरं सुवचनात, तिसरं सुकृतात, आणि चौथं अनंत प्रकाशात. तिथे आधी आलेला एक आत्मा त्याला विचारू लागतो, नश्वर जगातून या अविनाशी जगात तू कसा आलास? अहुर मज्दा त्याला थांबवतो : विचारू नकोस त्याला, शरीर आणि जाणीव यांच्या ताटातुटीच्या भीषण, खडतर वाटेने तो आला आहे. त्याला आधी खाऊ घाला. आणि त्याच्यासाठी आणतात वसंतातलं लोणी. मृत्यूच्या प्रवासाहून आलेल्याला प्रश्न न विचारता आधी घास देणं, एवढ्या एका तपशिलासाठीही हा नस्क वाचावा.

दुष्टाच्या बाबतीत सगळं उलटं. तोही डोक्याजवळच घुटमळतो, पण म्हणतो ते त्याच गाथेतले वेगळे शब्द : कोणत्या भूमीकडे वळू, कुठे जाऊ? वारा उत्तरेकडून, दुर्गंधीचा. त्याला भेटणाऱ्या कुरूप स्त्रीचं सविस्तर वर्णन विराफच्या १७ व्या प्रकरणात येतं, ते तेव्हा वाचा.

दुसरी पायरी : पूल आणि तराजू

आता वेंदिदादचं १९ वं फर्गर्द घ्या, त्यातल्या २७ ते ३२ एवढ्याच ऋचा. तिसऱ्या रात्रीनंतर विझरेश नावाचा देव दुष्टांच्या आत्म्याला बांधून नेतो. वाट सज्जन-दुर्जन दोघांची एकच, चिन्वत पुलाकडे जाणारी. तिथे ती तरुणी येते, तिच्यासोबत कुत्रे असतात. सज्जन पलीकडे पोचला की वोहु मनो, म्हणजे साक्षात सद्विचार, आपल्या सोन्याच्या आसनावरून उठून उभा राहतो आणि त्याचं स्वागत करतो.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १४ वं सूक्त वाचलेल्याला इथे थबकायला होईल. यमाच्या वाटेवरचे ते दोन ‘चतुरक्ष’ श्वान, सरमेचे पुत्र. वेंदिदादमध्ये प्रेतसंस्काराच्या वेळी आणायचा कुत्राही चार डोळ्यांचा, म्हणजे डोळ्यांवर दोन ठिपके असलेला सांगितला आहे. दोन्ही परंपरांनी ही आठवण एकाच जुन्या घरातून आणली असणार. साम्य टिपून ठेवा, पण त्यावरून चिन्वत म्हणजे आपली वैतरणी, असं लगेच म्हणू नका. वैतरणीला गोदान चालतं. चिन्वतवर फक्त स्वतःचा हिशोब चालतो, आणि तो किती काटेकोर ते पुढच्या ग्रंथात दिसतं.

मेनोग-इ-ख्रद म्हणजे प्रज्ञारूप देवतेला एका जिज्ञासूने विचारलेले प्रश्न आणि तिची उत्तरं. दुसरं प्रकरण वाचा. मिह्र, स्रोश आणि रश्न हे न्यायाला बसतात. रश्नच्या हाती तराजू, आणि तो केसभरही कलत नाही : सज्जनासाठी नाही, दुर्जनासाठी नाही, राजासाठी नाही आणि सामान्यासाठीही नाही. सज्जन पुलावर पाऊल टाकतो तेव्हा पूल ऐसपैस रुंद होतो. दुर्जनापुढे तोच पूल वस्तऱ्याच्या धारेसारखा होतो, असं इतर पहलवी ग्रंथ सांगतात.

या ग्रंथाचा संस्कृत अनुवादही आहे. गुजरातेत स्थायिक झालेल्या पारशांपैकी नेर्योसंघ धवल या पंडित मोबेदाने तो केला. यस्नाचाही संस्कृत अनुवाद त्याचाच. इराणहून आलेला धर्म भारतातल्या शास्त्रभाषेत उतरवायची खटपट इतक्या जुन्या काळी झाली होती, हे आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नसतं. संस्कृत येणाऱ्याने नेर्योसंघ जरूर चाळावा. भाषा ओबडधोबड आहे, कारण मूळ वाक्यामागे तो शब्दशः चालतो, पण त्यामुळेच मूळ वाक्य कसं होतं ते कळतं.

तिसरी पायरी : अर्दा विराफ

आता तुम्ही तयार आहात. एकूण १०१ छोटी छोटी प्रकरणं. तीन तुकडे करून वाचा : पहिली तीन प्रकरणं प्रास्ताविकाची, ४ ते १५ वाट आणि स्वर्ग, १६ पासून पुढे नदी आणि नरक.

प्रास्ताविक वगळू नका. शापित अलेक्झांडरने इराण उद्ध्वस्त केलं, सोन्याच्या शाईने लिहिलेले धर्मग्रंथ जाळले, दस्तूर मारले, अशी सुरुवात आहे. लोकांच्या मनात शंका शिरल्या : आपण करतो ती पूजा, म्हणतो ती प्रार्थना पोचते तरी का? म्हणून मोबेद फर्नबग अग्नीच्या मंदिरात जमले आणि ठरवलं, कोणीतरी तिकडे जाऊन बघून यावं. सातांतून तीन निवडले, तिघांतून एक, तो विराफ. पुस्तकाचं सगळं प्रयोजन या शंकेत आहे. धर्म मोडकळीला आलाय अशी भीती वाटणाऱ्या समाजाने स्वतःला दिलेला हा दिलासा आहे, आणि नरकाची पानं वाचताना हे सतत आठवावं लागतं.

विराफला सात बहिणी, आणि त्या त्याच्या पत्नीही होत्या असं ग्रंथ सांगतो. नवा वाचक इथे दचकतो. जवळच्या नात्यातल्या विवाहाला काही पहलवी ग्रंथ पुण्यकर्म मानतात. एकोणिसाव्या शतकात पारशी दस्तुरांनी आणि युरोपीय पंडितांनी या मजकुराच्या अर्थावरून मोठा वाद घातला. आजच्या पारशी समाजात ही चाल नाही. पुराणग्रंथातली नोंद म्हणून ती वाचा आणि पुढे जा. त्या बहिणींचं रडणं मात्र खरं वाटतं : आम्ही सात तुळया, हा एकच खांब, तोच काढून नेलात तर आमचं काय होईल? मोबेद त्यांना शब्द देतात, सात दिवसांनी सुखरूप परत देऊ.

विराफ आधी अंघोळ करतो, नवे कपडे घालतो, पितरांसाठी प्रार्थना करतो, जेवतो आणि मृत्युपत्र करतो. मग सुविचार, सुवचन आणि सुकृत यांच्या नावाने मद्य आणि ‘मंग’ हे द्रव्य घेतो. मंग म्हणजे नक्की कोणती वनस्पती यावर अभ्यासकांचं एकमत नाही. सात दिवस, सात रात्री तो निजून राहतो, बहिणी अखंड अग्नीपाशी बसून अवेस्ता म्हणत राहतात. सातव्या दिवशी तो उठतो आणि सगळे त्याला गराडा घालतात, तेव्हा तो सांगतो, भुकेल्या-तहानेल्याला आधी खायला घाला, मग प्रश्न विचारा. हादोख्त आधी वाचलेल्याला हे वाक्य कुठून आलं ते लगेच कळेल. जेवण झाल्यावर लेखनिक येऊन बसतो आणि विराफ सांगू लागतो.

प्रवासात त्याचे वाटाडे दोन : स्रोश आणि अग्निदेवता आदुर. पूल ओलांडल्यावर पहिलं ठिकाण हमेस्तगान. ज्यांचं पाप आणि पुण्य समसमान, ते इथे. शिक्षा काही नाही, हवामानाची थंडी आणि ऊन तेवढं सोसायचं. मग ताऱ्यांचा टप्पा, चंद्राचा, सूर्याचा, आणि शेवटी गरोदमान, म्हणजे सर्वोच्च स्वर्ग. स्वर्गात कोणकोण आहे ती यादी सावकाश वाचा. राजे आणि योद्धे आहेत, पण शेतकरी, मेंढपाळ, कारागीर, गुरुजी हेही तेजस्वी वस्त्रांत बसलेले आहेत. कष्ट करणं, जमीन पिकवणं, जनावरं सांभाळणं हेच इथे पुण्य. संन्यासाला या स्वर्गात जागा नाही.

१६ व्या प्रकरणात ती नदी लागते. मोठी, काळोखी, दुर्गंधीची. काही आत्मे सहज पार होतात, काहींना पार होताच येत नाही. विराफ विचारतो, ही कसली नदी? उत्तर मिळतं, मेलेल्यांमागे लोक जे बेसुमार अश्रू ढाळतात त्यांची. जगाला जाऊन सांग, मर्यादा सोडून रडू नका, त्याने गेलेल्यांचीच वाट अडते. आपल्या याज्ञवल्क्यस्मृतीत हेच वेगळ्या शब्दांत आहे : आप्तांनी गाळलेले अश्रू प्रेताला नाइलाजाने प्यावे लागतात, म्हणून रडू नये, यथाशक्ती क्रिया कराव्यात. शोकाला बांध घालायची गरज दोन्हीकडच्या शास्त्रकारांना सारखीच वाटली.

नरकाची प्रकरणं सगळी एका दमात वाचू नका. रोज दहा पुरेत. प्रत्येक शिक्षेपुढे वहीत एकच गोष्ट लिहा : गुन्हा काय? थोड्याच वेळात तुमच्यापुढे एका समाजाचं चित्र उभं राहतं. खोट्या मापाने विकणारा, धान्यात धूळ आणि दारूत पाणी मिसळणारा व्यापारी धूळ आणि राख मापतोय आणि तीच खातोय. दुसऱ्याच्या जमिनीच्या हद्दीचे दगड सरकवणारा हातांनी डोंगर उकरतोय. बांध कोरण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात जाणाऱ्या आपल्या मुलखात हे पान कोणालाही समजावून सांगावं लागणार नाही. मजुराची मजुरी बुडवणारे, लाच खाणारे न्यायाधीश, चुगलखोर, जनावरांना उपाशी ठेवून राबवणारे, सगळे इथे आहेत.

३२ वं प्रकरण मला फार प्रिय आहे. दवानोस नावाचा एक आळशी माणूस, आयुष्यात एकही सत्कृत्य न केलेला. सगळं अंग यातनेत, पण उजवा पाय तेवढा बाहेर. कारण एकदा नांगराच्या बैलापुढे त्याने त्या पायाने गवताची पेंढी सरकवली होती. एवढंच. तीही हाताने उचलून नव्हे, पायाने. पण रश्नच्या तराजूत तीही मोजली गेली.

५४ वं प्रकरणही सोडू नका. नरकात आत्मे इतके दाटीवाटीने आहेत, जितका कान डोळ्याजवळ असतो, घोड्याच्या आयाळीत जितके केस असतात तितके. तरी कोणाला कोणी दिसत नाही, कोणाचा आवाज ऐकू येत नाही. प्रत्येकाला वाटतं, मी एकटा आहे. एकच दिवस काढलेला आत्मा ओरडतो, नऊ हजार वर्षं अजून झाली नाहीत का? साप-विंचवांपेक्षा हा नरक मला जास्त खोलवर जाणारा वाटतो.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. या ग्रंथात स्त्रियांना दिलेल्या शिक्षा पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या कित्येक मासिक पाळीचे नियम मोडण्याबद्दल किंवा नवऱ्याला उलट बोलण्याबद्दल आहेत. तो त्या काळच्या पुरोहितवर्गाचा कायदा आहे आणि तो अन्यायाचा आहे. त्याला गूढ अर्थ चिकटवून गोड करू नका. मात्र त्याच दिवशी यस्नातलं ४६ वं प्रकरण काढा, दहावी ऋचा. जरथुश्त्र स्वतः म्हणतो, पुरुष असो की स्त्री, जो कोणी मज्दाला मान्य असं उत्तम ते करील, त्या सगळ्यांसह मी चिन्वत पूल ओलांडीन. संपूर्ण अवेस्तेतली ही सगळ्यात जुनी वाणी आहे. पुढच्याच ऋचेत दुष्टांना पुलाशी त्यांचा स्वतःचा आत्मा आणि स्वतःची दएना छळते असं आहे. हादोख्तातल्या भेटीचं बीज ते हेच. इथून गाथांकडे वळायचं असेल तर इराच जहांगीर सोराबजी तारापोरवाला यांचा १९५१ चा गाथांचा अनुवाद घ्या. ते संस्कृतचे पंडित, डेक्कन कॉलेजचे संचालक राहिलेले, त्यामुळे शब्दाशब्दाला संस्कृतची जोड दिलेली सापडते.

चौथी पायरी : बुंदहिश्नाचा शेवट

विराफ संपला की मध्ये दुसरं काही न वाचता थेट पुनरुत्थानाचं प्रकरण घ्या. सोश्यांत, म्हणजे शेवटी येणारा तारणहार, येतो आणि मेलेल्यांना उठवतो. आधी गयोमर्द हा आदिपुरुष, मग मश्य-मश्यानी हे पहिलं जोडपं, मग सगळी माणसं. या कामाला ५७ वर्षं लागतात. लोक एकमेकांना ओळखतात : हा माझा बाप, हा भाऊ, ही माझी बायको.

मग सभा भरते. काळ्या मेंढ्यांत पांढरी मेंढी उठून दिसावी तसा प्रत्येक पापी तिथे उठून दिसतो. आणि तिथे एक विलक्षण गोष्ट घडते. पापी आपल्या सज्जन मित्राला विचारतो, तू जगात सत्कर्मं करत होतास, तर मला का नाही सांगितलंस? मित्राने खरंच सांगितलं नसेल, तर त्या सभेत त्या सज्जनाचीच मान खाली जाते. एकट्याने चांगलं राहून भागत नाही, असं इतक्या थेट शब्दांत सांगणारी शेवटच्या न्यायाची दुसरी गोष्ट मी वाचलेली नाही.

त्यानंतर डोंगरांतले धातू वितळून पृथ्वीवर नदीसारखे वाहू लागतात आणि सगळ्यांना त्यातून चालावं लागतं. सज्जनाला वाटतं कोमट दुधातून चाललोय. पाप्याला तो वितळलेला धातूच वाटतो, पण तोही पलीकडे शुद्ध होऊन निघतो. मग बाप, मुलगा, भाऊ, मित्र एकमेकांना विचारतात, इतकी वर्षं कुठे होतास, तुझा न्याय काय झाला? नरकाची दुर्गंधीही त्या धातूत जळून जाते आणि ती जमीन पुन्हा जगाच्या भरभराटीसाठी परत घेतली जाते.

हे वाचल्यावर विराफची वही पुन्हा उघडा. शिक्षा त्याच राहतात, पण त्यांची मुदत ठरलेली दिसते.

पाचवी पायरी : आजच्या विधींत काय उरलंय

मुंबई-पुण्यात राहणाऱ्याला पारशी शेजारी, सहकारी असतातच. त्यांच्या घरी मृत्यू झाला तर जे होतं ते आता तुम्हाला समजेल. प्रेताला कुत्रा दाखवतात, तो सगदीद. गेह-सारणा म्हणजे अंत्यविधीत दोन मोबेदांनी म्हटलेली अहुनवइती गाथा. तीन दिवस-रात्री दिवा तेवत ठेवतात आणि स्रोशच्या प्रार्थना होतात, कारण तोवर आत्मा इथेच असतो आणि त्याचा सांभाळ स्रोशकडे असतो. तिसऱ्या दिवशी दुपारी उठमणा, त्यात मृताच्या नावाने दानधर्म जाहीर करतात. चौथ्या दिवसाची पहाट म्हणजे चारम, आत्म्याने पुलावर पाऊल ठेवायची वेळ. वर्षअखेरीच्या मुक्तादमध्ये, म्हणजे मृतांच्या स्मरणाच्या दिवसांत, शेवटचे पाच दिवस पाच गाथांच्या नावांचे असतात.

यातलं बरंच जीवनजी जमशेदजी मोदी यांनी पारशी विधींवरच्या १९२२ च्या ग्रंथात बारकाईने नोंदवलं आहे. विराफ आणि दान्ते यांची तुलनाही त्यांनी १९१४ मध्ये केली होती. साम्यं वाचायला रंजक आहेत, पण दान्तेपर्यंत विराफ पोचला होता याचा पुरावा नाही, एवढं भान ठेवा.

विधी बघायची उत्सुकता वाटली तरी आवर घाला. भारतात अग्यारीत पारशेतरांना प्रवेश नाही, आणि अंत्यविधीतही आपण वेगळ्या जागी बसायचं असतं. उठमण्याला जाऊन शोक व्यक्त करता येतो. दुःखातल्या घरच्यांना चिन्वतबद्दल प्रश्न विचारायची ती वेळ नव्हे. प्रश्न घेऊन जायचं असेल तर मुंबईच्या फोर्टमध्ये के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे, आणि नवसारीला १८७२ पासूनचं मेहेरजी राणा ग्रंथालय.

इथून पुढे

गोडी लागली तर दोन वाटा आहेत. एक मागे जाणारी : तिसऱ्या शतकातला कर्तीर हा सासानी राजांचा प्रबळ मोबेद. त्याने नक्श-ए-रुस्तम आणि सर मशहद इथल्या शिलालेखांत परलोकदर्शनाचा वृत्तान्त कोरून ठेवला. त्यातही पूल आहे, तराजू आहे आणि पूर्वेकडून येणारी सुंदर स्त्री आहे. विराफच्या पुस्तकाच्या आजच्या रूपापेक्षा तो कितीतरी जुना. शिलालेख जागोजागी झिजलेला आहे, म्हणून दोन अनुवाद शेजारी ठेवून वाचावा.

दुसरी वाट पुढे येणारी. तेराव्या शतकात जरतुश्त बहराम पझदू याने विराफची कथा फारसी पद्यात आणली. भारतातल्या पारशांनी ती फारसी आणि गुजरातीतून शतकानुशतकं वाचली, तिची चित्रं काढली. नवसारीला १७८९ मध्ये तयार झालेली एक सचित्र फारसी प्रत आज मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात आहे आणि तिची पानं ऑनलाइन पाहता येतात. विराफचा अनुवाद शेजारी उघडा ठेवून ती चित्रं बघा. कोणतं चित्र कोणत्या प्रकरणाचं, हे आता तुम्हाला कोणाला विचारावं लागणार नाही.